18 जणांना आउट केलेल्या पिचरला बाहेर का काढलं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. तुमचा मुलगा 13 वर्षांचा, आधी फास्ट बॉलिंग करायचा, थ्रो जोरात आहे बघून पीटीच्या सरांनी त्याला बेसबॉलमध्ये ओढलं आणि आता तो पिचर आहे, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा. त्यानं 2019 च्या अंडर-18 वर्ल्ड कपमधली जपान-कॅनडा मॅच मोबाइलवर बघितली, जपानच्या पिचरनं 7 इनिंगमध्ये 18 जणांना स्ट्राइकआउट केलं (म्हणजे तीन स्ट्राइकवर आउट) आणि तरी कोचनं त्याला बसवलं, तेव्हापासून पोरगं तुमच्या मागे लागलंय की कोच वेडा होता का. आणि तुमचे स्वतःचे दोन प्रश्न, एक म्हणजे त्याला पिचर ठेवायचा का, आणि दुसरा, कुठल्याशा अकॅडमीनं बाहेरदेशच्या "इंटरनॅशनल युथ चॅम्पियनशिप"साठी 1 लाख 80 हजार मागितलेत ते भरायचे का.

मी इंदूरलाच असतो, तुमच्या सुदामानगरपासून फार लांब नाही. स्वतः कॅचर होतो, म्हणजे बॅटरच्या मागे बसून पिचरचे चेंडू झेलणारा, आता गेली 22 वर्षं पोरांना सॉफ्टबॉल-बेसबॉल शिकवतोय, म्हणजे गुडघे गेलेत पण डोळे शाबूत आहेत. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

तर आधी तो कोच. अजिबात वेडा नव्हता. त्या पिचरचं नाव ओकुगावा, आणि त्या दिवशी त्याचे एकूण चेंडू किती झाले माहितीये का, 103. हा आकडा पोराला कागदावर मोठा लिहून द्या, कारण सगळी गोष्ट त्या आकड्यात आहे. त्या स्पर्धेचा नियम असा होता की एका पिचरनं एका दिवसात जास्तीत जास्त 105 चेंडू टाकायचे, 50 गाठले की पुढचा एक दिवस सुट्टी, आणि 105 गाठले की चार दिवस सुट्टी. आता स्पर्धा एकूण 10 दिवसांची, ही मॅच झाली 5 सप्टेंबरला आणि फायनल होती 8 ला. म्हणजे अजून दोन चेंडू टाकले असते तर हा पोरगा फायनलला डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या टीमच्या बाकावर, बसून टाळ्या वाजवत बसला असता, आणि 103 ला थांबवला तर एक दिवस आराम करून परत उभा राहू शकत होता. कोचनं दोन चेंडूंच्या बदल्यात तीन दिवस वाचवले, भिया, याला म्हणतात हिशोब.

(पुढे जपान फायनलला पोचलंच नाही ही गोष्ट वेगळी. दुसऱ्याच दिवशी कोरियाविरुद्ध जपानचा दुसरा पिचर सासाकी उतरला, हाच तो सासाकी ज्यानं त्या वर्षी एप्रिलच्या कॅम्पमध्ये ताशी 163 किलोमीटरनं चेंडू टाकला होता, आणि एक इनिंग, 19 चेंडू टाकून बोटाच्या फोडामुळे बाहेर गेला. मॅच टायब्रेकमध्ये हरले, जपान शेवटी पाचवं. फायनल तैवाननं अमेरिकेला 2-1 नं हरवून जिंकली. स्कोअरबोर्डवर तैवान शोधू नका, तिथे "चायनीज तैपेई" असं लिहिलेलं असतं.)

लोकांना वाटतं अशी स्पर्धा म्हणजे कोण किती लांब मारतो. छे. टीमला मिळतात 20 खेळाडू, त्यात साताठ पिचर, आणि 10 दिवसांत 9 मॅच. कोच रोज रात्री हॉटेलात बसून गृहिणी महिन्याअखेर डब्यातलं पीठ मोजते तसं मोजत बसतो की उद्या कोणाकडे किती चेंडू शिल्लक आहेत, कोणाला आज 49 वर थांबवला तर उद्या वापरता येईल. तुम्ही पुढच्या वेळी मॅच बघाल तेव्हा पिचर 45-46 वर आला की डगआउटकडे बघा, कोच उठून उभा राहिलेला दिसेल. आणि समोरची टीम पण मूर्ख नसते, चांगला पिचर असला की मुद्दाम चेंडू सोडत राहतात, फाउल मारत राहतात, म्हणजे त्याचा आकडा लवकर वाढावा. आउट होऊनही 9 चेंडू खाऊन आलेला बॅटर आमच्यात शाबासकी घेतो, हे क्रिकेटच्या घरात पटवून देणं अवघड जातं.

पोरानं आणखी एक विचारलं होतं की सेमीफायनल का नव्हती. तिथे 12 टीम, सहा-सहाचे दोन ग्रुप, प्रत्येकातल्या वरच्या तीन सुपर राउंडला जातात, आणि आपल्याच ग्रुपमधल्या वर आलेल्या दोघांशी झालेले निकाल सोबत घेऊन जातात, ते परत खेळत नाहीत. दुसऱ्या ग्रुपच्या तिघांशी खेळायचं आणि मग पहिल्या दोन थेट फायनल. त्यामुळे कधी कधी अशी गंमत होते की सुपर राउंडची शेवटची मॅच आणि दुसऱ्या दिवशीची फायनल त्याच दोन टीमची, मग पहिल्या दिवशी दोघंही आपला खरा पिचर झाकून ठेवतात आणि प्रेक्षक शिव्या घालतात. बरोबरी झाली तर टीम क्वालिटी बॅलन्स नावाचं गणित, आपल्या नेट रन रेटचा चुलतभाऊ समजा. काढलेल्या धावा भागिले बॅटिंगच्या इनिंग, वजा दिलेल्या धावा भागिले फील्डिंगच्या इनिंग. 20 इनिंगमध्ये 12 काढल्या म्हणजे 0.600, 21 मध्ये 8 दिल्या म्हणजे 0.381, उरले 0.219, झालं. 2022 पासून मॅच 9 ऐवजी 7 इनिंगच्या झाल्यात, ते पण पोरांच्या हातांच्या दृष्टीनं बरंच झालं, आणि बरोबरी राहिली की आठव्या इनिंगपासून पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर आधीच रनर उभे करून सुरुवात, म्हणजे मॅच रात्रभर चालत नाही. 2023 ला जपाननं हा कप पहिल्यांदा जिंकला, तैपेईत, तैवानला 2-1 नं हरवून. पहिल्यांदा! स्पर्धा 1981 पासून चालू आहे आणि आजचा जगातला मोठा स्टार ओहतानी 2012 ला सोलमध्ये याच टीममधून खेळला तरी तेव्हा जपान सहावं आलं होतं. एकट्या हिऱ्यानं भागत नाही ते असं.

आता हा चेंडू मोजायचा प्रकार का आला. जपानमध्येच बघा, तिथे शाळांची कोशिएन म्हणून स्पर्धा असते, आख्खा देश टीव्हीपुढे बसतो, आणि 1998 मध्ये मात्सुझाका नावाच्या पोरानं 17 इनिंगच्या एकाच मॅचमध्ये 250 चेंडू टाकले होते. लोक रडले कौतुकानं. 2018 ला योशिदा नावाच्या शेतकी शाळेच्या पोरानं त्याच स्पर्धेत सहा मॅचमध्ये मिळून 881 टाकले, तेव्हा मात्र कौतुकाबरोबर ओरडही झाली आणि 2020 पासून आठवड्याला 500 ची मर्यादा आली. 500 पण काही कमी नाहीत, माझं मत विचाराल तर. अमेरिकेत लिटल लीग या पोरांचं बेसबॉल चालवणाऱ्या संघटनेनं 2007 पासूनच चेंडूंची मर्यादा घातली. तिकडच्या डॉक्टरांनी 481 पोरांवर 10 वर्षं लक्ष ठेवलं होतं, त्यात वर्षाला 100 इनिंगच्या वर पिचिंग करणाऱ्यांना हाताची मोठी दुखापत व्हायची शक्यता साडेतीन पट निघाली.

कारण साधं आहे. 13 वर्षांच्या पोराच्या कोपराचं हाड अजून पूर्ण हाड झालेलं नसतं, टोकाशी वाढीची कूर्चा असते मऊ, आणि प्रत्येक जोराच्या थ्रोला आतल्या बाजूचा स्नायू तिला खेचतो. मोठ्या माणसाचं लिगामेंट तुटतं, पोराची ती कूर्चा सरकते. क्रिकेटवाल्यांना वाटतं आमचा मुलगा तर फास्ट बॉलर आहे, त्याला काय होतंय. पण बॉलिंगला कोपर सरळ ठेवावं लागतं, 15 अंशांच्या वर सरळ झालं तर चकिंग, तिथे भार कमरेवर येतो. पिचिंग म्हणजे मुळातच फेकणं, कोपर वाकवून मागे नेऊन चाबकासारखं सोडायचं, सगळा ताण कोपरात आणि खांद्यात. चेंडू हलका असतो, 142 ते 149 ग्रॅम, क्रिकेटचा 156 ते 163, म्हणून पोरांना वाटतं की सोपंय आणि अजून जोर लावतात.

आता माझी चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय माझं बोलणं नुसता उपदेश वाटेल. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट, एका ज्युनिअर स्पर्धेला टीम घेऊन गेलो होतो, जून महिना, दिवसाला दोन-दोन मॅच. माझ्याकडे 14 वर्षांचा एक पिचर होता, डावीकडे झुकत असा सुंदर चेंडू टाकायचा की अंपायर पण हसायचे. सकाळी त्याला टाकायला लावला, जिंकलो. दुपारी परत अडकलो आणि मी त्याला विचारलं, "टाकशील का रे?" आता 14 वर्षांचं पोरगं कोचला नाही म्हणेल का? टाकला. मी मोजतच नव्हतो, मोजायचं असतं हेच तेव्हा डोक्यात नव्हतं, नंतर स्कोअरशीटवरून बेरीज केली तर दोन मॅचचे मिळून 160 च्या आसपास. त्याचं कोपर चौथ्या इनिंगपासून खांद्याच्या खाली यायला लागलं होतं, चेंडू उंच जायला लागले होते, मी ओरडत होतो की खाली टाक, खाली टाक. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मिळून पोहे खायला गेलो तर हा प्लेट टेबलावर ठेवून डाव्या हातानं चमचा धरून खातोय. मी म्हटलं डावखुरा कधी झालास. तर म्हणाला, "सर, उजवा तोंडापर्यंत येत नाहीये." शेव सगळी शर्टावर सांडली होती. ते पोरगं नंतर चार महिने काही फेकू शकलं नाही आणि परत कधी पिचर झालं नाही, आता चांगली नोकरी करतंय, भेटलं की पाया पडतं, मला मान वर करवत नाही. तेव्हापासून माझ्या खिशात तो हातात धरून दाबायचा काउंटर असतो, पूजेला जप मोजायला मिळतो ना तोच, राजवाड्याच्या मागे स्वस्तात मिळतो.

म्हणून पिचर ठेवायचा का, तर ठेवा, पण मोजून. लिटल लीगचा हिशोब मी वापरतो. 13-14 च्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त 95. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे नंतरचा आराम, 20 पर्यंत टाकले तर दुसऱ्या दिवशी परत चालेल, 21 ते 35 ला एक दिवस, 36 ते 50 ला दोन, 51 ते 65 ला तीन, आणि 66 पासून पुढे चार दिवस. मी स्वतः या वयात 95 पर्यंत कधीच जात नाही, 60-65 ला काढतो, हरलो तर हरलो. अजून एक नियम जो आपल्याकडे सर्रास मोडतात, ज्यानं 41 किंवा जास्त चेंडू टाकले त्याला त्या दिवशी कॅचर करायचं नाही, आणि चार इनिंग कॅचिंग केलेल्यानं त्या दिवशी पिचिंग करायचं नाही. आपल्याकडे ज्याचा हात चांगला तोच दोन्ही करतो, कारण दुसरा कोणी नसतो.

आणि हे नुसते मॅचचे चेंडू झाले. तुमचा मुलगा संध्याकाळी गल्लीत क्रिकेट खेळतो ना? तिथे बाउंड्रीवरून विकेटकीपरकडे जे थ्रो फेकतो ते कोण मोजतं? त्याला विचारा, सांगेल "ते काय आई, ते तर खेळणं आहे." कोपराला थोडंच कळतं. कर्व्ह बॉल (मनगट फिरवून वळवलेला चेंडू) पण आत्ता नको, आवाज फुटून मिशी यायला लागेपर्यंत फास्टबॉल आणि चेंजअप पुरतात, चेंजअप म्हणजे हात तेवढ्याच वेगानं फिरवायचा पण चेंडू तळहातात खोल धरायचा म्हणजे तो हळू जातो, बॅटर आधीच फिरवून बसतो. हे एकदा जमलं की 13 वर्षांच्या गटात कोणी मारू शकत नाही, आणि हातालाही ताण कमी पडतो. कोपराच्या आतल्या बाजूला बोटानं दाबल्यावर दुखतंय म्हणाला तर बर्फ लावून परत उतरवू नका, हाडाच्या डॉक्टरकडे न्या आणि "पिचर आहे" असं स्पष्ट सांगा, नाहीतर मार लागला असेल म्हणून मलम देतात.

एका गोष्टीत आपली पोरं फार मार खातात ती म्हणजे माउंड. पिचर जिथून टाकतो तो उंचवटा नियमानं 10 इंच असतो आणि पुढे दर फुटाला एक इंच उतरतो. आपल्याकडे बहुतेक मैदानं कोणत्या ना कोणत्या दुसऱ्या खेळाची, तिथे कोण उंचवटा करू देणार, मग पोरं वर्षभर सपाट जमिनीवरून टाकतात आणि मोठ्या स्पर्धेला पहिल्यांदा उतारावर उभी राहतात, पाय अंदाजापेक्षा उशिरा टेकतो, हात मागे राहतो, आणि मग सगळा जोर खांद्यातून. आम्ही एकदा मैदानाच्या कोपऱ्यात गव्हाच्या रिकाम्या पोत्यांत मुरूम भरून, वर आपली काळी माती थापून माउंड केला होता, फार ऐटीत होतो, पहिल्या पावसात असा चिखल झाला की पोराचा बूट आत राहिला आणि मोजा बाहेर आला. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा आणि पावसाळ्यात लोणी. आता लाकडी फळ्यांचा उतरता पाट करून घेतलाय सुताराकडून, वर जुनी सतरंजी ठोकलीये, दोन पोरं उचलून नेतात. तुमच्या कोचला विचारा की उतारावरून सराव होतो का, त्याच्या उत्तरावरून तुम्हाला कोच कळेल.

आता पैसे. "इंटरनॅशनल" हा शब्द कोणीही बॅनरवर छापू शकतो. खरे वर्ल्ड कप डब्ल्यूबीएससी, म्हणजे बेसबॉल-सॉफ्टबॉलची जागतिक संघटना, भरवते, अंडर-12, अंडर-15, अंडर-18 वगैरे, आणि तिथे देशाची टीम जाते, ती पण आपल्या खंडातून पात्र ठरून. आशियातून जपान, कोरिया, तैवान हे जवळपास ठरलेलेच, आपला देश अंडर-18 च्या त्या 12 मध्ये अजून कधी नव्हता. अमेरिकेतल्या विल्यम्सपोर्टची लिटल लीग वर्ल्ड सिरीज वेगळी, ती 1947 पासूनची, तिथे देश खेळत नाहीत, गावांच्या लीगच्या टीम खेळतात, 12 वर्षांपर्यंतच्या, म्हणजे तुमच्या मुलाचं वय तसंही निघून गेलं. या दोन्हीपैकी कुठेही व्हॉट्सअॅपवर नाव येऊन पैसे भरून जागा मिळत नाही. बाकी ज्या असतात त्या खाजगी स्पर्धा, त्या वाईटच असतात असं मी म्हणत नाही, काही ठिकाणी मैदानं सुंदर, पोरांना चांगलं खेळ बघायला मिळतं. पण ती सहल आहे, निवड नाही, आणि सहलीचे पैसे सहलीच्या हिशोबानं द्यावेत.

उलट बाजू पण सांगतो, आपल्याकडे अशा छोट्या खेळांत खऱ्या राज्याच्या टीमला सुद्धा कधी कधी घरून पैसे घालावे लागतात, त्यामुळे पैसे मागितले म्हणजे फसवणूकच असं धरून चालू नका. त्यांना तीन गोष्टी लेखी मागा, ट्रायल कुठे आणि कधी झाली, किती मुलं होती, आणि राज्य संघटनेचं किंवा राष्ट्रीय फेडरेशनचं पत्र आहे का. फोनवर गोड बोलतील, लेखी म्हटलं की आवाज बदलतो. माझ्याच ओळखीतल्या एका घरानं असे पैसे भरले होते, पोरं गेली पण, तिथे एकूण चार टीम, त्यातल्या दोन एकाच अकॅडमीच्या. मेडल मात्र सगळ्यांना मिळालं.

आणि जन्मतारखेचा दाखला आत्ताच नीट करून ठेवा, शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर एकच तारीख पाहिजे. कोणी सांगेल एक वर्ष कमी करून घेऊ, फायदा होतो. ते करू नका. 2001 मध्ये अमेरिकेतल्या त्या वर्ल्ड सिरीजमध्ये आल्मोंटे नावाच्या पिचरनं परफेक्ट गेम टाकला, म्हणजे समोरच्या एकालाही बेसवर पोचू दिलं नाही, सगळीकडे फोटो, नंतर निघालं की पोरगा 12 नाही 14 चा आहे, आख्ख्या टीमचे निकाल रद्द. 1992 ला फिलिपिन्सच्या टीमकडून तर जिंकलेली ट्रॉफी परत घेतली. आपल्याकडे आता मनगटाचा एक्स-रे काढून वय बघतात काही खेळांत.

तर सध्या एवढंच करा, एक वही घ्या, तारीख, मॅच का प्रॅक्टिस, किती चेंडू, दुसऱ्या दिवशी हात कसा. पोराला स्वतः लिहायला लावा. महिनाभर लिहिलं की इथे टाका, मी बघतो आणि कुठे जास्त होतंय ते सांगतो. वही कुठलीही चालेल, माझी तर अर्धी किराण्याची आहे, एका पानावर तूरडाळ आणि समोरच्या पानावर पिचरची नावं.